तळ्यात काय नाय!

प्रिय रवी,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. पत्र काही कट करता येत नाही. फार तर फाडशील, पण आधी वाचशील. दुसऱ्याच्या चुलीवर काय शिजतंय ते कळल्याशिवाय तुला लहानपणापासून चैन पडत नाही, मी काय ओळखत नाही तुला? तर ऐक. आपलं तळं वाचलं! म्हणजे अजून पुरतं नाही, पण काल सुनावणीत जे झालं ते तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही. अंगणवाडीच्या रजिस्टरमधले कोरे कागद काढून लिहितेय, आमच्या बाईंना कळलं तर माझी काही खैर नाही.

शाळेसमोर मांडव घातला होता. जिल्ह्याचे मोठे साहेब आले, कंपनीची चार माणसं आली, आणि आपल्या वाडीची बावीसच्या बावीस घरं तान्ह्या पोरांसकट येऊन बसली. कंपनीचा बेत तुला माहीतच आहे. तळ्याच्या काठी रसायनांच्या टाक्या बसवायच्या आणि पाणी पंपाने ओढायचं. तिथेच काठाला सरकारने केलेल्या वनउद्यानातली झाडं आणि बाकं मात्र जिथल्या तिथे राहणार म्हणे! म्हणजे पाहुण्यांनी बाकावर बसून टाक्या बघायच्या, आणि आपण? भाताची लावणी सरली की कापणीपर्यंत हाताला काम नसतं, तेव्हा वाडीच्या चुली त्या तळ्यावरच पेटतात. टाक्या आल्या तर आपल्याला ऊठ म्हणायलाही कुणी यायला नको, आपणच उठू.

कंपनीच्या माणसाने पाहणीचा अहवाल वाचला. स्थानिक रहिवाशांच्या सांगण्यानुसार तळ्यात मासे नाहीत, त्यावर कुणाचंही पोट नाही. गेलं वर्षभर ह्याच एका वाक्याने वाडी पेटलेली, आणि नाव कुणाचं आलं ते तुझ्याइतकं कोण जाणतं! पाहणीवाल्यांना वाट दाखवायला मोटारसायकलवर पुढे तू होतास, त्यात धाटावला कारखान्यात शिफ्ट करणारा, म्हणजे कंपनीचाच माणूस, हा फुटला असं सगळ्यांनी ठरवलं. जनूकाकाने तुझ्या हातचं पाणी सोडलं, आणि तू नोकरी टाकून पेणला रामवाडीत खोली घेतलीस. एक शब्द न बोलता गेलास.

काल जनूकाकाच पहिला उठला. म्हणाला, सायेब, आमी तळ्यावरच जगताव, ह्यो कागद खोटा हाय. साहेबांनी चष्मा काढला आणि विचारलं, मग सांगणारा कोण होता? काका म्हणाला, व्हता आमच्यातलाच येक, गेला त्यो. सगळी वाडी खाली बघायला लागली. आणि रवी, मी उठले. कशी उठले ते मला विचारू नकोस. पदर मागे शेजारच्या गंगीने धरला होता, तिला वाटलं मला घेरी आली. मी म्हटलं, सायेब, त्यो गेलेला नव्हं. मी सांगितलं. मी, मैना.

साहेब म्हणाले, का सांगितलंस बाई असं? आता त्यांना काय सांगणार, की आपल्यात परक्याला तळ्याचं पोट कधी दाखवत नाहीत! आयेने शिकवलं, आजीने शिकवलं, कुणीही विचारो, तळ्यात काय हाय, तर म्हणायचं, काय नाय, पाणी हाय. मासे मोजून सांगितले की पाण्यातल्या देवी, आसरा, रागावतात आणि तळं रिकामं करतात. पाहणीवाला माझ्या दारात पाणी प्यायला, त्याने विचारलं, आणि मी शहाणीने तेच ठोकून दिलं. वर हुशारी अशी की मासे पकडायचा पाग पोत्याखाली लपवला. मी हे सगळं सांगितलं, तर साहेब हसलेच. पण पुढे म्हणाले, बाई, मग आज तरी तुमच्यावर विश्वास कसा ठेवू?

इथे गंगीने कमाल केली. उठली ती तडक तळ्यावर गेली, सकाळी काठाला पाण्यात दाबून ठेवलेली टोपली घेऊन आली आणि साहेबांच्या टेबलासमोर उपडी केली. हाताएवढी मरळ, शिंगटी, खेकडे, सगळं जिवंत! मरळीने उडी मारली ती कंपनीवाल्याच्या बुटावर. साहेबांनी पाय वर घेतले. आणि मग वाडीचं तोंडच सुटलं, ज्यांनी जन्मात परक्याला माशाचं नाव सांगितलं नव्हतं ती माणसं ओरडून ओरडून नावं सांगायला लागली. सतरा जाती लिहून घेतल्या साहेबांनी! पाहणी पुन्हा होणार, तोवर काठाचा एक दगडही हलवायचा नाही, असा शेरा मारून गेले. हौसा म्हातारी म्हणाली, आसरांची समजूत मी काढीन, तुमी सायबाची काढा.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. मी त्या दिवशी पाहणीवाल्याला उत्तर दिलं तेव्हा तू गाडी चालू ठेवून माझ्या दारात होतास. तू ऐकलंस. आणि वाडीने तुला टाकलं तेव्हा माझ्याकडे एकदा बघितलंस फक्त. नवरा गेलेली बाई, दोन पोरी, हिला वाडीने टाकलं तर ही कुठे जाईल, एवढाच हिशेब तू केलास, आणि मी तो तुला करू दिला. वर्षभर तुझ्याबद्दल नाही नाही ते ऐकलं आणि भाकऱ्या थापत राहिले. तळ्यासाठी उठले असं वाडी म्हणतेय, खोटं आहे ते. तुझ्यासाठी उठले. उशिरा उठले. रविवारी जनूकाका तुला न्यायला रामवाडीला येतोय, माफी मागणार आहे, म्हाताऱ्याला उभं ठेवू नकोस. त्याच्या मागे मी असेन. मला काय म्हणायचं ते म्हण, पण घरात घेऊन म्हण.

तुझीच,
मैनाताई