सहीची रिकामी जागा

प्रिय झाहारिया,

शनिवारच्या मिनीबसने जे खोकं तुझ्याकडे इटलीला येतंय, त्यात सगळ्यात वर हे पाकीट ठेवते आहे. खाली मेंढीच्या दुधाचं चीज आहे, आलुबुखारच्या मुरंब्याच्या चार बरण्या आहेत, खारवलेलं कलिंगड आहे आणि फडक्यात गुंडाळलेल्या, भोपळ्याचं सारण भरलेल्या प्लाचिंता पोळ्या आहेत. तुझी खोड मला ठाऊक आहे. तू आधी प्लाचिंता हुडकशील आणि पाकीट खिडकीत टाकून देशील. तसं करू नकोस. हात धू, बस, आधी हे वाच आणि मग खा. फोनवर का नाही बोललीस म्हणशील, तर फोनवर तू तीनच गोष्टी बोलतोस: बघू, ठीक आहे आणि चल ठेवतो. मी पडले जन्मभर नोंदणी कचेरीत बसलेली बाई. महत्त्वाचं बोलणं मला लेखी लागतं.

तर सेराफिमने अमेरिकेतून आपल्यासाठी जो अर्ज केला होता, त्याचा नंबर लागला. सतरा वर्षं झाली रे. तेव्हा माझे केस काळे होते आणि तुला गच्चीवर चढता यायचं. मी तर तो अर्ज विसरूनच गेले होते, पण माझा भाऊ कसला विसरतोय. गेल्या महिन्यात त्याचा फोन आला, नुसता रडत होता. म्हणाला, "फीमा, कागद मागितलेत, आता येशील ना तू?" माझा जन्माचा दाखला, आपल्या लग्नाचा दाखला, पोलिसांचा दाखला, मग बुखारेस्टला मुलाखत. बहिणीबरोबर तिच्या नवऱ्यालाही नेता येतं, त्याला वेगळा अर्ज लागत नाही. फक्त तो तिचा नवरा आहे हे कागदाने सांगितलं पाहिजे. तू माझ्याबरोबर येणार की नाही, हे त्या एका लग्नाच्या दाखल्यावर अडलंय. हे नीट लक्षात ठेव आणि पुढे वाच.

मी म्हटलं, कागद ना, कागद म्हणजे माझा हातखंडा. तीस वर्षं मी या तालुक्याचे जन्म, लग्नं आणि मरणं लिहिली. अर्ध्या गावाचा जन्म माझ्या अक्षरात आहे. मंगळवारी बूट पुसून, निळा कोट घालून कचेरीत गेले. माझ्या खुर्चीवर आता डोइना बसते. हुशार मुलगी आहे, पण चहा पाणचट करते. मी माझ्या जन्माची ती जुनी हिरवी पुस्तिका तिच्यापुढे ठेवली, तर ती म्हणे, "बाई, सोव्हिएत काळातली चालत नाही. नवा उतारा काढावा लागेल, आईबापांच्या नावांसकट, शिक्क्यासकट." मी हसले. तशा शंभर पुस्तिका मी माझ्या हाताने भरल्यात, आणि आता माझा स्वतःचा जन्मच चालत नाही. काढ म्हटलं उतारा. निघाला. मग म्हटलं, आता लग्नाचा काढ. तिने संगणकात बघितलं आणि कानापर्यंत लाल झाली. हळूच म्हणाली, "बाई, इथे तर काडीमोड लिहिलाय." मी म्हटलं, "लिहिलाय ना. वहीत बघ, अक्षरही माझंच आहे."

तुला आठवतो का तो दिवस? आपल्याला साखर कारखान्याच्या वसतिगृहातली एक खोली होती, आपली लेक इलिंका पाच वर्षांची, आणि घरांच्या यादीत आपल्यापुढे दोनशे कुटुंबं. नानाशा तुदोसियाच म्हणाली होती, आपल्या लग्नाची धर्ममाता, जिने चर्चमध्ये आपल्या डोक्यांवर मुकुट धरले तीच, की मूर्खांनो, काडीमोड घ्या, सगळे घेतात, एकटी बाई आणि लेकरू म्हटलं की वेगळ्या यादीत नाव लागतं. गेलो कोर्टात. न्यायाधीश बाईंनी विचारलं, कारण काय? आपण कारण ठरवलंच नव्हतं. आणि तू टोपी हातात घेऊन सरळ सांगितलंस, "ही घोरते." मी घोरत नाही, झाहारिया. छत्तीस वर्षं झाली, मी ते विसरलेले नाही. निकाल घेऊन मी कचेरीत आले, आणि वहीत नोंद करायची पाळी कोणाची होती? माझी. मी ती नोंद सुबक अक्षरात केली, शाई वाळू दिली, आणि दोन वर्षांनी आपल्याला दोन खोल्यांचं घर मिळालं. किल्ली मिळाली त्याच दुपारी तू स्वयंपाकघराचं टेबल डोक्यावर घेऊन जिना चढून आलास. शेजारीण म्हणाली, घटस्फोटित बाईकडे एवढ्यात पुरुष? मी म्हटलं, हा भाडेकरू आहे.

आता डोइनाला वाटलं, मी कागदाला घाबरेन. तिने दार लोटलं आणि मला समजावू लागली. म्हणाली, "बाई, घाबरू नका, तुमचे कागद तर उलट एकदम चोख आहेत. जन्माचा उतारा, लग्नाचा उतारा, घटस्फोटाचा उतारा. घटस्फोटित म्हणून एकट्याच अर्ज करा, दोन महिन्यांत काम होईल. काकांचं नंतर बघता येईल." खरं सांगते, ती बोलली ते शंभर टक्के बरोबर होतं. मी तिच्या जागी असते तर हेच सांगितलं असतं. मी तिन्ही उतारे घेतले, घरी आणले, टेबलावर ओळीने मांडले. तिन्हींवर गोल शिक्के, तिन्हींवर सह्या, कुठे खाडाखोड नाही. माझी बॅग भरायला आता काही अडचण नव्हती.

नानाशा तुदोसियाकडे गेले. चौऱ्याऐंशी वर्षांची झाली, डोळ्यांनी दिसत नाही पण जीभ शाबूत आहे. सगळं ऐकलं आणि म्हणाली, "पोरी, मी तुला काडीमोड घ्यायला सांगितला होता, तसाच ठेवायला नव्हता सांगितला. घर मिळाल्यावर परत नोंद करायची सोडून काय अंडी उबवत होतीस?" मी म्हटलं, राहून गेलं. ती म्हणाली, "जगाची लग्नं लावणारी बाई तू, तुझं राहून कसं गेलं?" तिला माझा चेहरा दिसत नाही हे बरं झालं.

कारण ते राहून गेलं नव्हतं. हे मी कोणाला सांगितलेलं नाही, तुलाच आता सांगते. त्र्याण्णव साली तूच म्हणालास, की झाला तमाशा तेवढा पुरे, लग्न परत वहीत घाल. मी अर्ज घरी आणला. तू उभ्या उभ्या, कोटाची बटणंही न काढता त्यावर सही केलीस आणि गावाकडे आईच्या गुरांना चारा घालायला गेलास. पुढच्या आठवड्यात विचारलंस, झालं का? मी म्हटलं, झालं. झालं नव्हतं. माझी सही बाकी होती. तेव्हा खरंच आळस होता, आपल्याच कचेरीत, सगळ्यांच्या समोर नवरी म्हणून बसायची लाजही होती. चर्चमधलं लग्न होतंच की, देवाच्या वहीत काही बिघडलेलं नव्हतं. पण मी खोटं बोलले, आणि ते घोंगडं भिजत पडलं.

मग सत्त्याण्णव साली तू मॉस्कोला गेलास. पहिलं वर्ष पत्रं आली, फोन आले. दुसऱ्या हिवाळ्यात काहीच नाही. नववर्षाला एक खोकं आलं, इलिंकाला बूट, मला शाल. पत्ता तुझ्या अक्षरात नव्हता. झाहारिया, अक्षरं ओळखण्यात माझं आयुष्य गेलं. गोलाई असलेलं, उजवीकडे कललेलं, चाळिशीच्या आसपासच्या, शाळेत पहिल्या बाकावर बसणाऱ्या बाईचं अक्षर. खालच्या कोपऱ्यात तिचं नावही होतं, झिनाइदा, रस्ता, घर क्रमांक चौदा. मी ती शाल पोतेऱ्यासाठी कापली, मग वाईट वाटलं, कारण लोकर चांगली होती. त्या दिवशी मी कपाटातून तो अर्ज काढला, तुझी सही बघितली, माझी रिकामी जागा बघितली, आणि मला बरं वाटलं. हो, बरं वाटलं. म्हटलं, कायद्याने मी कोणाची नाही. उद्या निघून जायचं म्हटलं तर कोणाला विचारायला नको. तू दोन हजार साली परत आलास, वाळलेला, खोकत, आणि दारात उभा राहून म्हणालास, "मी भाडेकरू आहे, जागा आहे का?" मी तुला आत घेतलं, सूप दिलं, एक शब्द विचारला नाही. तुला वाटलं असेल, बायको मोठ्या मनाची. मोठं मन वगैरे काही नव्हतं. माझ्या कपाटात एक दार उघडं होतं, म्हणून मी शांत होते.

माफ केलं का? बरंचसं. उरलेलं मी इटलीच्या फोनबिलात वसूल केलं असं समज.

आता गंमत ऐक. तुला नवरा म्हणून न्यायचं तर तुझाही अर्ज भरावा लागतो, आणि त्यात विचारलंय, वयाच्या सोळाव्या वर्षापासून कुठे कुठे राहिलात, सगळे पत्ते द्या. जिथे वर्षाहून जास्त राहिलात, तिथल्या पोलिसांचा दाखला आणा. मी कोरा फॉर्म घेऊन बसले. तुझं सैन्यातलं पुस्तक ट्रंकेत सापडलं, फोटोत तुझे कान वेगळे उडायला निघाल्यासारखे दिसतात. वसतिगृह लिहिलं, आपलं घर लिहिलं, तू आता राबतोस ती पादोवाची द्राक्षबाग लिहिली. मधली तीन वर्षं राहिली. पेन हातात घेऊन मी बराच वेळ बसले. फक्त "मॉस्को" लिहून सोडता आलं असतं. पण मी नवशिक्या मुलींना तीस वर्षं एकच गोष्ट शिकवली, कागद अर्धवट खरा असला की पूर्ण खोटा ठरतो. मी रस्त्याचं नाव लिहिलं आणि घर क्रमांक चौदा लिहिलं. लिहून झालं आणि मला भूक लागली. मग मी तीन अंडी तळून खाल्ली.

आता तू विचारशील, हे सगळं मला का सांगतेस, उतारे तर तुझ्याकडे तयार आहेत, जा ना एकटी. जाऊ शकते. माझे कागद आजच्या आज चालतील, कोणी बोट ठेवणार नाही. तूही कायद्याने मोकळा आहेस, छत्तीस वर्षं मोकळा आहेस, आणि त्यातली एकतीस वर्षं तुला ते माहीत नव्हतं, हा माझा गुन्हा. म्हणून फोनवर सांगितलं नाही. तुला विचार करायला खोकं भरून वेळ हवा. मी त्र्याण्णव सालच्या त्या अर्जावर काल सही केली. तो आता कशालाच चालत नाही, पण माझी त्यावरची बाकी होती. आणि डोइनाकडून नवा अर्ज आणला आहे, तो या पाकिटात दुसऱ्या पानामागे आहे. कचेरीत तो दोघांनी मिळून द्यायचा असतो, मग महिन्याने तारीख मिळते. नानाशा म्हणते उपासाच्या दिवसांत लग्न नको, ती म्हणते ईस्टर होऊ दे, कबरींवर जाऊन आपल्या मेलेल्यांना जेवू घालू दे, मग त्यानंतरच्या शनिवारी लावा, आणि तिला खुर्चीवर बसवून का होईना न्या, मुकुट नसला तरी ती मागे उभी राहिल्यासारखं करेल. म्हणजे तुला नेहमीसारखं ईस्टरच्या आदल्या दिवशी येऊन चालणार नाही, महिनाभर आधी यावं लागेल. मालकाला सांग, लग्न आहे. कोणाचं विचारलं तर सांग, माझं. मी तुला मागणी घालते आहे, झाहारिया, चौसष्टाव्या वर्षी, शिक्क्यासकट. अमेरिकेला जाण्यासाठी नाही; यायचं नसेल तर अमेरिका राहू दे, सेराफिमला मी समजावेन. कपाटातलं ते दार मला आता बंद करायचंय, आणि तू आत असताना करायचंय. या वेळी आधी मी सही केली आहे. रिकामी जागा तुझी आहे. तिथे "बघू" लिहू नकोस.

तुझीच, कागदावर अजून कोणाचीच नसलेली,
एफिमिया

ता. क. आता खा.