घसा माझा, शब्द तिचे

३ मार्च

आजचं डबिंग उरकलं. सिनेमा नव्हता, राणीसाहेबांची मुलाखत होती. सगळे त्या नटीला राणीसाहेबच म्हणतात. आपल्या भाषेत तिचा आवाज म्हणजे मी! आमची गाठभेट कधीच नाही. मी आहे हे तरी तिला ठाऊक असेल का, कोण जाणे.

पडद्यावर ती रडत होती, म्हणून मीही गळा भरून आणला. "मनाला आजार नसतोच. डॉक्टर आपल्याला नुसतं झोपवून ठेवतात. मी गोळ्या फेकल्या आणि मला मी सापडले. तुम्हीही फेका!"

'फेका' पुन्हा पुन्हा घेतलं. स्टुडिओचे मालक खूश — "अहो बाई, काटा आला अंगावर!"

घसा पार बसलाय.

६ मार्च

लिफ्टमध्ये मी. सलूनमध्ये मी. केमिस्टकडे धाकट्या बहिणीच्या गोळ्या घ्यायला उभी होते, तर गल्ल्याजवळच्या मोबाइलमधून मीच सांगतेय — फेका! पिशवी उचलून निघालेच.

धाकटीशी पूर्वी भिंतीतली माणसं बोलायची. गोळ्यांनी ती माणसं गप्प झाली, आणि ही पुन्हा शिलाई मशीनवर बसायला लागली. मशीनची घरघर ऐकू आली की जिन्यातच माझा जीव भांड्यात पडतो.

९ मार्च

धाकटीनं ती मुलाखत पाहिली.

"किती मायेनं बोललीस गं, ताई."

"वेडे, ते तिचं म्हणणं. माझा नुसता घसा."

"आवाज तर तुझाच!" म्हणाली आणि हसली. मीही हसले.

बाहेरच्या खोलीतला पडदा वाऱ्यानं भिंतीवर आपटतो. टक् टक्. कापडाचा असा आवाज कसा येतो?

१४ मार्च

मशीन थांबतच नाही. घरातल्या सगळ्या पडद्यांच्या कडा नव्यानं घालतेय. जेव म्हटलं तर मान हलवते, तोंडात घास नाही.

१७ मार्च

दुपारी पडदा धुवायला काढला. कड जड लागली, म्हणून उसवली.

गोळ्या! ओळीनं, प्रत्येकीला वेगळा कप्पा, बारीक सुबक टाका. रोज माझ्यासमोर जिभेवर गोळी ठेवून पाणी पीत होती ही!

"तूच म्हणालीस फेक," ती म्हणाली. "फेकवेना मला. म्हणून शिवल्या."

उसवलेल्या कडेतली एक गोळी पुढे केली — "आता मीच सांगतेय ना? घे."

ती कितीतरी वेळ माझ्या ओठांकडे बघत राहिली. मग हळूच, मला वाईट वाटू नये अशा बेतानं म्हणाली —

"तुम्ही अगदी तिच्यासारखं बोलता हो. पण माझी ताई कुठाय?"

तुम्ही!

१८ मार्च

सकाळी आंघोळ करून आले तर दार सताड उघडं. ही घरात नाही.

चौकातल्या टीव्हीच्या दुकानासमोर सापडली. काचेवर तळहात टेकून उभी. आत सगळ्या पडद्यांवर राणीसाहेब. काचेतून आवाज बाहेर येत नव्हता, तरी धाकटीचे ओठ शब्दाला शब्द हलत होते. मीही नकळत ओठ हलवायला लागले. मग दचकून थांबले.

टॅक्सीनं दवाखान्यात नेलं. भरती करून घेतली. डॉक्टरबाई लिहिता लिहिता थांबल्या. "तुमचा आवाज कुठेतरी ऐकलाय."

मी खरं ते सांगितलं.

त्यांनी पेन खाली ठेवलं. आवाज न चढवता म्हणाल्या, "ते ऐकून गोळ्या बंद केलेले बरेच येताहेत. सगळे काही वेळेवर येत नाहीत."

२२ मार्च

मालकांचा फोन — मुलाखतीचा दुसरा भाग आलाय, या. नाही म्हटलं. वाटलं, आता वैतागतील, हातापाया पडतील. तर कसलं काय! "बरं बरं, राहू द्या. तुमचा आवाज आहेच आमच्या कॉम्प्युटरमध्ये," म्हणाले. गोडीत.

संध्याकाळी मी स्वतःच्या मोबाइलवर बोलून रेकॉर्ड केलं. मी कोण, धाकटीचं काय झालं, सगळं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या सोडू नका म्हणाले, आणि टाकलं नेटवर, सगळ्यांसाठी.

उत्तरं आली. "राणीसाहेबांची नक्कल करते ही बया." "आवाज चोरला!"

२७ मार्च

धाकटी नर्सच्या हातून गोळ्या घेतेय. आज आपणहून केस विंचरून मागितले. "ताई, जरा सावकाश. ओढतंय." रडू आवरून विंचरत राहिले.

३० मार्च

समोरच्या खाटेवरच्या बाईचा नवरा तिचं सामान बांधतोय. त्याच्या मोबाइलवर दुसरा भाग चालू आहे — "तुमच्या माणसाला आजच घरी आणा." आवाज माझा. वाक्याआधीचा श्वाससुद्धा माझा. मी ओरडले, "नका नेऊ!" त्यानं आधी मोबाइलकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

मी स्टुडिओत गेलेच नव्हते.