डोळे उघडलेली सीताफळं

वाशीम, ११ सप्टेंबर १९४८
बाजारातून सीताफळं आणली. नुसते दगड! डोळे उघडायच्या आधीच तोडलेली. अशी पिकत नाहीत, काळी पडतात. औंढ्याला आमच्या मागच्या दाराशी शेजारच्या चाँदबीचं झाड आहे. फळावरच्या रेषा पांढऱ्या होऊन डोळे उघडल्याखेरीज म्हातारी हात लावू देत नाही. "सीतेचं फळ तुझ्या अंगणात कसं, चाँदबी?" – दर वर्षी चिडवायचो. "नाम सीताजी का, पानी तो मैंच डालती ना, पंडितजी."
सगळं न्यायशास्त्र पढलेला मी, तिच्या हातचं फळ घेऊन घरात जायचो.

१४ सप्टेंबर
हिंदी फौजा निजामाच्या मुलखात शिरल्या. सीताफळं काळी पडली.

१८ सप्टेंबर
निजाम शरण. पेढे वाटले. मला मात्र पाठीवरचं गळू आठवलं. चाँदबीनं सीताफळाचा पाला वाटून बांधला होता, वर निदान – "बैठके लिखते, इसलिए हुआ." माझ्या वर्तमानपत्रातल्या बातम्या रझाकारांना रुचेनात म्हणून उन्हाळ्यात औंढा सोडून निजामाच्या हद्दीबाहेर इथं आलो, तेव्हा घराची किल्ली तिच्याच हातात दिली. "फल पकने के पहले आना," म्हणाली.

औंढा, २६ सप्टेंबर
आता आपल्या लोकांनी रझाकारांचा सूड गावातल्या मुसलमानांवर उगवला. त्यांत ओळखीची तोंडं आहेत. चाँदबीचं घर जळालं; ती कुठं, कुणी सांगत नाही. माझ्या पुढच्या दाराला कुलूप, मागचं आतून बंद. समोरचा सोनाजी म्हणाला, "तोडा की कुलूप, महाराज. ती म्हातारी आता काहून येऊन राहिली?"
तोडलं, तर त्याचं म्हणणं मान्य केल्यासारखं होईल. नागनाथाच्या ओवरीत पथारी टाकली. देवानं तरी कुठं माझ्याकडं किल्ली मागितली!

२८ सप्टेंबर
झाड एका बाजूनं करपलंय, पण उभं आहे. काल त्यावर डोळे उघडलेली फळं पाहिली होती. आज ती नाहीत. हिरवी सगळी जागच्या जागी.
सोनाजी म्हणतो, "चोर असतीन."
चोर फळांचे डोळे बघत बसत नाही. सोनाजीला म्हटलं, "असतील."

२९ सप्टेंबर
पहाटे मागच्या दाराशी उभं राहून हळूच विचारलं, "सीतेचं फळ तुझ्या अंगणात कसं, चाँदबी?"
माझ्याच घरातून आवाज आला – "हल्लू बोलो, पंडितजी."
आणि कडी निघाली.