आगबोटीवरची तहान

मोंबासा बंदर,
१७ एप्रिल १९८३

ती. सौ. दानम्माअक्कास,
धाकट्या बसलिंगप्पाचा शरणार्थ.

दाजींना नमस्कार, पोरांना पापे. ‘मी मजेत आहे,’ असं दर पत्रात लिहितो. आज तसं लिहवत नाही. घाबरू नकोस, आता बरा आहे.

मुंबई सोडताना तुझं पत्र मिळालं होतं. ‘नवा जिल्हा झाला, कलेक्टर लातुरात बसला, पर टँकर काय आपल्या वेशीत येईना,’ हे वाचून हसलो. पुढं लिहिलंयस, की पोरांचं झाल्यावर उरलं तरच तू पितेस. ते मनातून जाईना. आमच्या बोटीच्या इंजिनखोलीत भट्टीसारखी धग, पिण्याचं थंड पाणी हाताशी, आणि मी अर्धा गिलास पिऊन ठेवून द्यायचो. शुद्ध येडेपणा! इथं वाचवलेलं पाणी तुझ्या घागरीत थोडंच पडणार होतं?

त्यात बोलायला कुणी नाही. इथल्या जेवणात मांस-मासळी, म्हणून मी ताट घेऊन एकटाच केबिनमध्ये. माझ्या बोलीला सगळे हसायचे, म्हणून तोंड बंद. इंजिनिअरसाहेब ऊठसूट खेकसायचे. झोप उडाली. एक दिवस पंपाला तेल द्यायचं विसरलो आणि तिथंच चक्कर येऊन पडलो. पंप जळता जळता राहिला. मला मोंबासाहून घरी धाडायचं ठरलं.

रत्नागिरीचे हसनमिया आमचे सारंग, म्हणजे मुकादम. त्यांनी खोदून विचारलं तेव्हा मला रडू फुटलं आणि मी सगळं सांगितलं. ते तडक कप्तानाकडे गेले. "पोरगा कामचुकार नाय साहेब, एकटा पडलाय."

कप्तानानं माझी पाळी बदलली. आता भंडारी, म्हणजे बोटीवरचा आचारी, माझ्यासाठी वरणभात करतो आणि मी सगळ्यांत बसून जेवतो. उदगीरच्या बाजाराच्या गोष्टी सांगतो. हसतात अजूनही, पण आता पुढची गोष्ट ऐकायला थांबतात. झोपही लागते. आज बंदरातल्या डॉक्टरनं तपासून कामावर राहायला परवानगी दिली.

हसनमिया मला म्हणाले, "तू पडलास तर इंजिन कोण बघणार?" अक्का, तेच मी तुला विचारतो. तू पडलीस तर पोरांना कोण? हे पत्र मिळाल्यापासून आधी तू पी, मग पोरांना दे. लहान असून सांगतोय, पण ऐक.

पोटभर पाणी पिऊन लिहायला बसलेला,
तुझा बसलिंग