चार कार्नेशन

उस्त-पेल्गा
२ मार्च १९९७

ती. केशादादास,
कापाचा सा. न. वि. वि.

आधी एक सांग, तू जिवंत आहेस ना? हसू नकोस. काल गावाचा वाढदिवस झाला. संग्रहालयात, म्हणजे माझ्याच घरट्यात, नामवंतांची भिंत उघडली. कोट बांधणारा कोसॅक सरदार, नदीत बुडालेल्या घंटेचा तो हट्टी व्यापारी पाखोमोव, देवीच्या साथीत गाव वाचवणारा हद्दपार पोलिश डॉक्टर, आणि टोकाला तू. कप्तानाची टोपी, तिरकं हसू, आणि तसबिरीच्या कोपऱ्याला काळी फीत!

खाली लाल कार्नेशन ठेवली होती. चार. दादा, चार! जिवंत माणसाला कुणी सम फुलं देतं का? ती थडग्यावर. माझं डोकंच फिरलं. सगळ्यांसमोर पुढे झाले नि त्यातलं एक उपटून घेतलं.

सांस्कृतिक खात्याचा नवा प्रमुख वादिम एदुआर्दोविच प्रांताच्या राजधानीहून आलाय. बूट चकचकीत, नदीचा गंधही नाही. म्हणाला, बाई, सगळं गाव तर त्यांना गेलेलेच समजतं. मी म्हटलं, माझा भाऊ रोस्तोवला लेकीकडे जर्दाळू खात बसलाय. त्यावर तो सहज म्हणाला की नामवंत सगळे मेलेले किंवा पळालेले असतील, तर अशा गावाला संग्रहालय कशाला? काठ खचतोय, घर आज ना उद्या नदीत जाणार, त्यापेक्षा सगळ्या वस्तू पेट्यांत भरून राजधानीला नेऊ. जूनमध्ये नगरसभेत हात वर करून ठरणार आहे.

दादा, पहिल्या बोटीने ये. तू उभा राहिलास तर गाव ऐकेल. रिम्माला आशीर्वाद. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
कापा


रोस्तोव
१९ मार्च

चि. कापास,
अनेक आशीर्वाद.

मेल्याची बातमी वाचून बरं वाटलं. मेलेल्याला रक्तदाबाच्या गोळ्या नकोत, रिम्माची बोलणी नकोत. ती मला एकट्याला बाजारातही जाऊ देत नाही. डॉक्टर म्हणतो, हृदय जुन्या बोटीच्या बॉयलरसारखं झालंय, आच कमी ठेवा. आणि तू मला अर्ध्या रशियापार बोलावतेस! चौऱ्याहत्तराव्या वर्षी मी काय करू तिथे, स्वतःच्या तसबिरीखाली उभा राहून भाषण ठोकू?

खरं सांगू का? मनाला लागलंय. उपासमारीच्या त्या हिवाळ्यात नदी गोठत असताना मी पिठाने भरलेला पडाव नदीतून वर ओढत आणला, तेव्हा हेच लोक धक्क्यावर रडत होते. आणि माझी ल्यूस्या गेली तेव्हा तिला पोचवायला कितीजण आले, तुला आठवत असेल. मी गाव सोडल्यावर तुझ्याशिवाय एकाचंही पत्र नाही. त्यांनी मला मेलेला धरलं यात नवल ते काय? मीही त्यांना तसंच धरलंय.

घर जाऊ दे. पेल्गा मागते ते घेतेच. तू निवृत्त हो, इकडे ये. इथे एप्रिलमध्येच जर्दाळू फुलतात. गुडघ्याला लोकरीचा पट्टा बांधत जा. रागावलीस तरी लोभ ठेवशीलच, ठाऊक आहे.

तुझा मेलेला भाऊ,
केशा


उस्त-पेल्गा
४ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा तुला शिव्या घातल्या. ल्यूस्यावहिनीच्या वेळी वादळ होतं, पलीकडच्या काठावरची माणसं अडकली होती, हे तुला मी तेव्हाही सांगितलं होतं. तू ऐकलं नाहीस. दुःखात माणसाला दोष द्यायला कुणीतरी लागतं, तू तो गावाला दिलास.

आता हे ऐक. तुझी तसबीर ज्या खोलीत टांगलीय ती पूर्वी काय होती, आठवतं? पोलिश डॉक्टरने तिथे देवीचे रोगी झोपवले. पुढे तेच गावाचं प्रसूतिगृह झालं. आई तिथेच बाळंत झाली, खिडकीजवळच्या खाटेवर. जिथे तू पहिला टाहो फोडलास, तिथेच त्या वादिमने तुला काळी फीत लावली. हे तुला चालत असेल, मला चालत नाही.

काठाची भेग पायरीपर्यंत आली आहे. मी माझा पलंग संग्रहालयात हलवलाय. वादिम म्हणाला, कापितोलिना सावेल्येव्ना, हा वेडेपणा आहे. मी म्हटलं, बाळा, पेट्या न्यायच्या तर वरच्या पेटीत मला भर आणि झाकणाला खिळे ठोक. शेजारची तेरेंतीकाकाची सून रोज कोबीचं सूप आणून देते आणि जाताना दारावर क्रूसाची खूण करून जाते, जशी काही मी बुडायलाच बसलेय.

भेगेमुळे कोपऱ्यातला भिंतीचा कागद सुटला. आतल्या ओंडक्यांवर कुऱ्हाडीच्या खाचा आहेत, एक, दोन, तीन अशा चढत्या. कशाच्या असतील कोण जाणे. नदीवर बर्फ कडकडायला लागलंय. तू येणार नसशील तर तसं स्पष्ट लिही, मी एकटी उभी राहीन. तुझ्यावरचा जीव मात्र आटायचा नाही.

तुझी,
कापा


रोस्तोव
२६ एप्रिल

चि. कापास,
आशीर्वाद.

येतोय.

रिम्मा दोन दिवस रडली, मग तिने माझा पासपोर्ट लपवला. भरड्या धान्याच्या बरणीत सापडला. तिच्या आईचीही तीच जागा होती, पोरीला एवढंही सुचू नये! पकडली गेल्यावर हसायला लागली, आणि मग स्वतःच माझी पेटी भरली. निघण्याआधी आम्ही दोघं रीतीप्रमाणे गुपचूप पेटीवर बसू, मग ती मला गाडीत बसवील.

अगं वेडे, त्या खाचा कशाच्या म्हणून काय विचारतेस? आजोबांनी सखल काठावरचं आपलं घर टेकडीवर नेलं ते विसरलीस? ओंडक्याओंडक्यावर खूण करायची, उतरवायचे, वर नेऊन त्याच क्रमाने रचायचे, फटींत शेवाळ ठासायचं. तुमचं संग्रहालय एकदा चालून आलेलं घर आहे. तुझा वादिम दगडविटांच्या शहरातला, त्याला वाटतं घर म्हणजे एका जागी उभं राहायचं आणि पडायचं. पण तुम्ही सगळे तिथे जन्मलात, तुमच्याही डोक्यात हे येऊ नये? पेट्या, पेट्या करत त्याच्या मागे धावलात!

तेरेंतीच्या पोराचा ट्रॅक्टर चालू आहे का, विचारून ठेव. आणि धक्क्यावर येताना फुलं मोजून आण. भेटेपर्यंत आठवणीत ठेव.

केशा


उस्त-पेल्गा
२४ जून

चि. रिम्मास,
आत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

दादा आला त्या दिवशी अर्धं गाव धक्क्यावर होतं. तेरेंतीकाकाच्या सुनेने स्वागताची भाकरी आणि मीठ पुढे केलं. वादिम फुलं घेऊन उभा होता आणि ओठ हलवत पुन्हा पुन्हा मोजत होता. पाच होती. दादाने ती घेतली आणि म्हणाला, पोरा, शिकतोयस.

नगरसभा संग्रहालयातच भरली. दादा आधी तसबिरीपाशी गेला, काळी फीत काढली, खिशात घातली. मग म्हणाला, मी तुमच्यावर रुसलो होतो, तो रुसवा बोटीत टाकून आलोय. हे घर एकदा चाललंय, आणखी एकदा चालेल. ज्यांचा जन्म या खोलीत झाला त्यांनी हात वर करा. बाया, बापे, म्हातारे, अगं सभापतीचासुद्धा हात वर! ते हात वर होते तेव्हाच त्याने विचारलं, मग हेच हात उद्या कामाला येणार की नाही? एकही खाली आला नाही. वादिमने आपला पेट्यांचा ठराव घडी करून ठेवून दिला.

आता छप्पर उतरलंय, निम्म्या भिंती टेकडीवर पोचल्या आहेत. वादिम दलदलीत गुडघाभर चिखलात उभा राहून शेवाळ उपटतो, डास त्याला फोडून खातात. दादा खुर्चीवर बसून सगळ्यांवर ओरडतो. वाळलेल्या शेवाळाच्या पहिल्या गठ्ठ्याला त्याने तीच काळी फीत बांधली.

तुझ्यापासून लपवणार नाही. परवा ओरडता ओरडता तो गप्प झाला, चेहरा राखेसारखा. इथली डॉक्टरीणही तुमच्या डॉक्टरसारखंच बोलली. मी त्याला म्हटलं, रोस्तोवला परत जा. म्हणाला, जन्माची खिडकी पुन्हा जागेवर बसल्याशिवाय हलणार नाही, आणि नंतरही कशाला हलू? पोरी, तो हिवाळा इथेच काढणार आहे. किती हिवाळे ते मी विचारलं नाही, तूही विचारू नकोस. सुट्टी मिळाली की ये. एक भिंत तुझ्यासाठी शिल्लक ठेवतो.

या म्हाताऱ्यांवरची माया अशीच राहो.

तुझी आत्या,
कापा

ता. क. त्याचे हिवाळ्यातले जाड लोकरी नमद्याचे बूट पहिल्या पार्सलने पाठव. दोन्ही पाठव. दादा म्हणतो, यापुढे एवढीच एक सम गोष्ट तो घेईल.