भरलेली फळी

प्रिय तांडेल,

आंघोळीच्या टबात लाकडी पळी सुकाणूसारखी फिरवायचास, तेव्हापासून तुला गलबत चालवणाऱ्याची ही हाक मारतोय. आता ती तुला बोचत असेल, पण दुसरी तोंडात येत नाही. अकरा महिन्यांत तू घरी पाऊल टाकलं नाहीस. आईशी फोनवर बोलतोस आणि मी फोन घेतला की तुला कामाची घाई होते. रागाने नाही, लाजेने, एवढं मला कळतं. बापाच्या डोळ्यांदेखत आपण चुकलो आणि एक बाई बुडाली, असं तू धरून बसलायस. हे पत्र बसून वाच, उभ्याउभ्या उरकू नकोस.

इकडचं सांगायचं तर आईचा गुडघा पुन्हा सुजलाय आणि डॉक्टरांपेक्षा तिला शेजारणीचं जास्त पटतं. गलबत अजून किनाऱ्यावर ओढून ठेवलंय. मी रोज जाऊन त्याचे सांधे चाचपतो. रखवालदार हसतो, म्हणतो, म्हातारबा, जे पाण्यातच नाही त्याची गळती कसली शोधता? त्याचं बरोबर आहे. पण चाळीस वर्षं गलबताची सुतारकी केलेल्या माणसाने सकाळी जायचं कुठे?

त्या सुट्टीच्या दिवशी आपल्या गलबतावर सहलीचे चौतीस प्रवासी होते. निघण्याआधी तू चारचौघांत मला म्हणालास, "बाबा, तुमचं लक्ष राहत नाही, पुढच्या वेळेपासून बिल्ल्यांची फळी दुसऱ्याकडे देऊ या." मागच्या खेपेला प्रवासी मोजताना माझे दोन बिल्ले कमी भरले होते आणि तासभर खोळंबा झाला होता, म्हणून म्हणालास. चुकीचं काहीच नव्हतं. पण ती फळी मी रंधून, खिळे ठोकून स्वतःच्या हाताने केलेली. मी हसलो, आणि आतून असा पेटलो की शिडं वर चढताना लोकांनी टाळ्या वाजवल्या त्याही मला ऐकू आल्या नाहीत.

ती बाई नर्स होती, कडेला एकटीच बसली होती. रात्रपाळी करून तशीच आलेली, कागदात बांधलेला ब्रेड खात होती. तिने मला विचारलं, लाकडाच्या फटींतून पाणी आत कसं येत नाही? मी तिला फटीत कापसाचा पीळ ठोकून कसा बसवतात ते दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे आम्ही जखमेत बोळा भरतो तसंच की." सकाळपासून माझ्याशी धड बोललेली ती एकटीच. हे मी चौकशीत सांगितलं नाही. तिचं नावसुद्धा मी विचारलं नव्हतं.

ओहोटीला वाळूचा दांडा उघडा पडला, नांगर टाकला आणि होडीने सगळे वाळूवर उतरले. उतरताना ज्याने त्याने फळीवरच्या आपल्या खिळ्याचा आकडेवाला बिल्ला घ्यायचा, परत आल्यावर तिथेच अडकवायचा. रिकामा खिळा म्हणजे माणूस अजून वाळूवर. ही पद्धत तुझ्या आजोबांची, आणि तिच्यात खोट नव्हती. भरती चढायला लागली, होडीची शेवटची खेप आली आणि एकोणिसावा खिळा रिकामा राहिला. पोरंटोरं बिल्ले वाळूत पाडतात, काही खिशात घालून घरी नेतात, असं दर खेपेला होतं. तसंच असेल, असं मी धरून चाललो. खरं सांगू? धरून चालायचंच होतं मला. पुन्हा कमी भरले असं तुला सांगायला जीभ रेटेना. माझ्या पेटीत कोरे, आकडा नसलेले बिल्ले होते. त्यातला एक मी एकोणिसाव्या खिळ्यावर अडकवला.

तू सुकाणूजवळून फळीकडे पाहिलंस. मला आठवतं, एकदा नाही, दोनदा पाहिलंस. मग नांगर उचलायला सांगितलंस.

धक्क्यावर सगळे उतरले आणि बाकाखाली त्या नर्सची पिशवी राहिली. तू लाँच मागवायला धावलास. तू धावलास आणि मी तो कोरा बिल्ला काढून पेटीत टाकला. बंदरावरचा अधिकारी आला तेव्हा खिळा रिकामा होता. त्याने तुला विचारलं, हे तुला दिसलं नाही? तू म्हणालास, फळी भरलेली होती साहेब. मग माझ्याकडे पाहिलंस. मी मान खाली घालून पेटीची कडी लावली. त्यानंतर तू पुन्हा तसं म्हणाला नाहीस. चौकशीत म्हणालास, मला नीट दिसलं नसेल. तुझा परवाना गेला तेव्हाही हेच म्हणालास.

ती वाळूच्या उंचवट्यामागे झोपली असावी, असं म्हणतात. तिसऱ्या दिवशी सापडली. तिची बहीण मला विचारायला आली, "काका, निघताना हाक तरी मारली होती का हो?" मी मारली होती म्हणालो. कोणीच मारली नव्हती. फळी भरलेली असताना कोण कशाला मारेल?

गेल्या सोमवारी बंदराच्या कचेरीत जाऊन मी सगळं सांगितलं. कारकून म्हणाला, फाईल बंद झालीय, लेखी अर्ज करा. अर्ज केला. त्या नर्सच्या बहिणीकडेही गेलो. तिने ऐकून घेतलं आणि दार लावलं. आईलाही सांगितलं. ती दोन्ही वेळा ताट वाढते आणि दुसऱ्या खोलीत जाऊन बसते. मी जेवतो, कारण जेवलो नाही तर तिला तेवढ्यापुरतं तरी माझ्याशी बोलावं लागेल, आणि तिला ते नकोय.

हे अकरा महिन्यांपूर्वीच करायला हवं होतं. अजूनही धीर झाला नसता. पण त्या सोमवारच्या आदल्या शनिवारी सूनबाईचा फोन आला. शाळेत सोडताना तू पोरीला रस्ता ओलांडून नेत नाहीस म्हणाली. दोन्ही बाजूंना बघतोस, पुन्हा बघतोस, गाडी नसली तरी पाऊल टाकत नाहीस, आणि शेवटी पोर रडायला लागली की शेजाऱ्यांना हाक मारतोस. माझ्या डोळ्यांचा भरवसा नाही, असं तू तिला सांगितलंस. बाळा, तुझे डोळे चांगले आहेत. तुला जे दिसलं तेच तिथे होतं. उद्या पोरीला शाळेत तू सोड.

तुझाच,
बाबा