न सांडलेली ताडी

प्रिय अकुन्नावहिनी,

पाय आता चौकापर्यंतसुद्धा कुरकुरतात, तरी परवा नातीनं मला एनुगूला नेलंच. सोमतो नावाच्या मुलीनं तिथं एका जुन्या गोदामात बियाफ्राचं युद्ध झालंच नाही असं जग उभं केलंय. भिंतींवर सदुसष्ट सालची वर्तमानपत्रं, बोलणी यशस्वी झाल्याची. कुठूनतरी उत्तरेकडे निघालेल्या आगगाडीचा आवाज, डब्यात माणसं हसताहेत. मी आपला वर्गात शिकवलेल्या कवितांच्या ओळी पुटपुटत, घरी परतणाऱ्या पाखरांच्या, संथ नदीच्या, त्या जगातून हिंडत राहिलो. नात दोनदा म्हणाली, आजोबा, लोक बघताहेत.

शेवटच्या खोलीत लग्नाचा मांडव. रिकाम्या खुर्च्या, प्रत्येकीवर परत न आलेल्या एकेका मुलाचं नाव. दाराशी हातात ताडीचा पेला देतात आणि कर्ण्यातून पुरुषांची नवरीशी चालणारी थट्टा सुरू होते: “अगं, इकडे ये! त्या काटकुळ्यात काय ठेवलंय? नवरा मीच!” तुमच्या मांडवातही हेच झालं असतं. गर्दीतून दादाला हुडकून तुम्ही पेला त्याच्या हाती दिला असता, त्यानं तो रिकामा केला असता, की झालात तुम्ही आमच्या घरच्या. पण त्याआधीच ओबियोरादादा लाकडी बंदूक खांद्याला लावून ट्रकमध्ये चढला. तो आला नाही, त्याचं प्रेतही आलं नाही. आई म्हणायची, पोरगा वाट चुकलाय. जिवंत होती तोवर तिनं त्याचं मर्तिक होऊ दिलं नाही, आणि भावकी बोलायला आली की तुम्ही तिच्या शेजारी जाऊन बसायचात.

त्याची खुर्ची सापडली. वाटलं, आत्ता मागून टपली मारेल, म्हणेल, सरक बाजूला, कवी. पेला घेऊन खुर्चीच्या अगदी जवळ गेलो. मग सोमतोनं धावत येऊन माझं मनगट धरलं.

“आजोबा, जमिनीवर नका सांडू. जमिनीवर ओततात ती गेलेल्यांसाठी. या खोलीत कुणीच गेलेलं नाही.”

कर्ण्यातले पुरुष हसतच होते. वहिनी, मी पेला कलवला नव्हता. हात आपणहून कलला. इतकी वर्षं मी तुमच्या दोघींच्या बाजूनं बोललो, आणि माझ्या हाताला मात्र ठाऊक होतं.

म्हणून लिहितोय. दादाच्या नावानं, प्रेताच्या जागी, केळीचा बुंधा मातीत ठेवायला भावकी तयार आहे. पहिली मूठ बायकोची असते. ते म्हणतात, पेलाच दिला नाही, तर ती आपली कोण? मी सांगितलंय, तिच्या मुठीशिवाय माती लोटायची नाही. मी डोळे मिटल्यावर त्याच्यासाठी कोण भांडणार? या. नाहीच जमलं मनाला, तर तसं कळवा. खड्डा खणू देणार नाही.

भावकी काहीही म्हणो, तुमचाच धाकटा दीर,
इफेदिओरा